तंदुरुस्त मधुमेही व्यक्तींमधील मंद हृदयगती

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाच्या हृदयाचे ठोके सामान्यतः दर मिनिटाला ६० ते १०० या मर्यादेत असतात. नियमित व दीर्घकाळ व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही गती ६० च्या खाली, प्रसंगी ४० च्या आसपासही आढळते. मधुमेह असलेली व्यक्ती नियमित धावणे, पोहणे, सायकल चालवणे यांसारखा व्यायाम करत असेल, तर तिच्यातही असाच बदल घडतो. या बदलाला तंदुरुस्त मधुमेही व्यक्तींमधील मंद हृदयगती असे म्हणता येईल. हा स्वतंत्र आजार नाही. बहुतेक वेळा तो प्रशिक्षित हृदयाचा आणि शाबूत तंत्रिकासंस्थेचा पुरावा असतो.

तरीही मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ लावताना अधिक सावधगिरी बाळगावी लागते. मधुमेह हृदयाचे नियमन करणाऱ्या तंत्रिकांना इजा करतो व त्यामुळे हृदयगती वाढते. दुसरीकडे मधुमेहासोबत येणारे काही आजार आणि औषधे हीच गती कमी करतात. त्यामुळे ५० हा एकच आकडा एका मधुमेही व्यक्तीत उत्तम प्रकृतीचे, तर दुसऱ्या व्यक्तीत दुर्लक्षित विकाराचे लक्षण असू शकतो.

हृदयगतीचे नियमन

हृदयाच्या उजव्या अलिंदातील कोटरालिंद गाठ (सायनस गाठ) हे हृदयाचे नैसर्गिक गतिकारक केंद्र होय. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली या गाठीचे वर्णन केले. तंत्रिकांचा प्रभाव पूर्णपणे दूर केल्यास ही गाठ ज्या गतीने चालते, तिला हृदयाची अंगभूत गती म्हणतात. जोस आणि कॉलिसन यांनी १९७० साली औषधांच्या साहाय्याने तंत्रिकांचा प्रभाव रोखून ही गती मोजली. त्यांच्या सूत्रानुसार ती वयाच्या २० व्या वर्षी सुमारे १०७ आणि ६० व्या वर्षी सुमारे ८४ असते. म्हणजेच स्वस्थ बसलेल्या तरुण माणसाची नाडी ७० लागते, तेव्हा तिला कोणीतरी सतत लगाम घालत असते.

हा लगाम परानुकंपी तंत्रिकासंस्थेचा, प्रामुख्याने व्हेगस (प्राणेशा) तंत्रिकेचा असतो. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगातून व्हेगसच्या टोकांतून एक रासायनिक द्रव्य स्रवते व त्यामुळे हृदय मंदावते, हे सिद्ध झाले. हे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलिन. या शोधाबद्दल लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच्या उलट अनुकंपी तंत्रिकासंस्था आणि ॲड्रेनलिन हृदयाची गती वाढवतात. विश्रांतीत व्हेगसचा वरचष्मा असतो. हालचाल सुरू होताच आधी व्हेगसची पकड सैल होते आणि मागाहून अनुकंपी संस्थेचा जोर वाढतो.

व्यायामामुळे गती का मंदावते

स्वीडनमधील वैद्य सॅलोमन हेन्शेन यांनी १८९९ साली लांब पल्ल्याच्या स्की-धावपटूंची छाती बोटांनी ठोकून तपासली आणि त्यांची हृदये आकाराने मोठी असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेत युजीन डार्लिंग यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकानयनपटूंविषयी अशीच निरीक्षणे प्रसिद्ध केली. क्ष-किरणांचा शोध लागून त्या वेळी जेमतेम चार वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले तर हेन्शेन यांच्या बोटांचे कौतुक वाटते. 'खेळाडूचे हृदय' ही संकल्पना तेव्हापासून रूढ झाली.

मोठे व लवचीक झालेले हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकते. विश्रांतीत शरीराला मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्तपुरवठा लागतो. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर त्यासाठी साधारण ७० ठोके लागतात. १०० मिलिलिटर पडत असेल, तर ५० ठोके पुरतात. ७० च्या गतीने दिवसाला १,००,८०० ठोके पडतात आणि ५० च्या गतीने ७२,०००. दोन ठोक्यांमधील विश्रांतीचा काळ लांबल्याने हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना रक्त मिळण्यासही अधिक अवधी मिळतो, कारण डाव्या निलयाच्या स्नायूला बहुतांश रक्तपुरवठा हृदय शिथिल असतानाच होतो.

ही मंदगती नेमकी कशामुळे येते, याविषयी मतभेद आहेत. व्यायामाने व्हेगसचा प्रभाव वाढतो, हे जुने व अजूनही पाठ्यपुस्तकांत आढळणारे स्पष्टीकरण आहे. मँचेस्टर विद्यापीठातील मार्क बॉयेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली या स्पष्टीकरणाला आव्हान दिले. व्यायाम करवलेल्या उंदरांमध्ये व्हेगसचा प्रभाव रोखल्यानंतरही हृदयगती कमीच राहिली. सायनस गाठीच्या पेशींतील एचसीएन४ नावाच्या आयनमार्गाचे प्रमाण घटल्याचे त्यांना आढळले. हा मार्ग गाठीच्या स्वयंचलित स्पंदनासाठी महत्त्वाचा असतो. त्यांच्या मते व्यायाम गाठीचीच रचना बदलतो. माणसाच्या बाबतीत दोन्ही यंत्रणांचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. मधुमेही व्यक्तींच्या संदर्भात हा वाद केवळ तात्त्विक नाही. मंदगतीचे सारे श्रेय व्हेगसचे असेल, तर मंद नाडी ही व्हेगस शाबूत असल्याची थेट खूण ठरते. गाठच बदललेली असेल, तर तो निष्कर्ष तितका पक्का राहत नाही.

सर्वसामान्य माणसाने काही महिने व्यायाम केल्यास विश्रामकालीन गतीत होणारी घट थोडीच, बहुधा काही ठोक्यांची असते. चाळिशीत पोहोचलेले आकडे बहुतेक वर्षानुवर्षांच्या प्रशिक्षणाचे व काही अंशी आनुवंशिकतेचे फळ असतात. तीन महिने चालूनही नाडी ७२ वरून ६८ वरच आली म्हणून व्यायाम वाया गेला असे होत नाही; रक्तशर्करेवर व इन्सुलिनच्या परिणामकारकतेवर होणारा लाभ नाडीच्या आकड्यात दिसत नाही.

मधुमेहाचा उलट दिशेचा ओढा

दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा तंत्रिकांना इजा पोहोचवते. पायांची बधिरता व जळजळ हे त्याचे परिचित रूप आहे. हीच इजा अंतर्गत अवयवांचे नियमन करणाऱ्या तंत्रिकांना झाली, की तिला स्वायत्त तंत्रिकाविकृती म्हणतात आणि हृदयापुरता तिचा विचार करताना हृदयवाहिन्यांची स्वायत्त तंत्रिकाविकृती असे संबोधले जाते. लांब तंत्रिकांना आधी इजा होते, हा मधुमेही तंत्रिकाविकृतीचा सर्वसाधारण नियम आहे. व्हेगस ही स्वायत्त संस्थेतील सर्वांत लांब तंत्रिका असून शरीरातील परानुकंपी कार्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग तिच्याकडे असतो. त्यामुळे हृदयावरचा लगाम सुरुवातीलाच सैल पडू लागतो.

याचा पहिला परिणाम विश्रामकालीन गतीवर नव्हे, तर तिच्या चढउतारावर होतो. निरोगी माणसात श्वास घेताना नाडी किंचित जलद व सोडताना किंचित मंद होते. घड्याळाच्या काट्यासारखी एकसारखी नाडी निरोगी वाटते खरी, पण वास्तव नेमके उलटे आहे. मधुमेहात हा श्वासागणिक होणारा चढउतार आधी कमी होतो. त्यानंतर विश्रामकालीन गती वाढू लागते व ९० ते १०० किंवा त्याहूनही वर जाते. पुढच्या टप्प्यात अनुकंपी तंत्रिकांनाही इजा होते. तेव्हा वेग वाढवणारा घटकही दुबळा झाल्याने गती पुन्हा थोडी खाली येऊ शकते, पण ती जवळजवळ स्थिर होऊन बसते. उभे राहिले, चालले, घाबरले तरी फारशी बदलत नाही. केवळ नाडी मोजणाऱ्याला हा टप्पा सुधारणेसारखा वाटू शकतो आणि त्यातच त्याचा धोका आहे.

एडिनबरा येथील डेव्हिड युइंग व बेसिल क्लार्क यांनी १९७० च्या व १९८० च्या दशकांत या विकृतीच्या निदानासाठी साध्या चाचण्यांचा संच रूढ केला. त्यात खोल श्वसन, उभे राहणे व बंद श्वासमार्गावर जोर देऊन श्वास सोडणे (वॉल्साल्वा क्रिया) यांना हृदयगतीचा मिळणारा प्रतिसाद, तसेच उभे राहिल्यावर आणि मूठ घट्ट आवळून धरल्यावर रक्तदाबात होणारा बदल यांचा समावेश होतो. मिनिटाला सहा या संथ लयीत खोल श्वास घेताना कमाल व किमान गतीतील फरक १५ ठोके किंवा अधिक असल्यास तो सामान्य आणि १० किंवा त्याहून कमी असल्यास असामान्य मानला जात असे. वयानुसार हा फरक घटतो, त्यामुळे आता वयोगटानुसार वेगळ्या मर्यादा वापरतात. उभे राहिल्यानंतर पंधराव्या ठोक्याच्या सुमारास नाडी सर्वांत जलद आणि तिसाव्या ठोक्याच्या सुमारास सर्वांत मंद असते. या दोन ठिकाणच्या ठोक्यांमधील अंतरांचे गुणोत्तर निरोगी माणसात १.०४ किंवा अधिक भरते. युइंग व सहकाऱ्यांनीच हेही दाखवले, की या चाचण्या असामान्य असलेल्या मधुमेही रुग्णांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या शिफारशींनुसार प्रकार २ मधुमेहात निदानापासून आणि प्रकार १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी स्वायत्त तंत्रिकाविकृतीची लक्षणे व चिन्हे तपासली जावीत.

तंदुरुस्त मधुमेही व्यक्तीच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अनेक वर्षे ज्याची नाडी ५० ते ५२ होती, अशा धावपटूची नाडी व्यायामात खंड नसतानाही हळूहळू ७४ वर स्थिरावली, तर नकाशावर तो आकडा सामान्य मर्यादेतच पडतो. कोणतेही यंत्र त्यावर लाल खूण करणार नाही. त्या व्यक्तीपुरता मात्र तो वीसपेक्षा अधिक ठोक्यांचा बदल असतो. मंडुप्रवाही वाटणाऱ्या या बदलामागे थायरॉइडचा अतिस्राव, रक्तक्षय, अतिप्रशिक्षण, जंतुसंसर्ग अशी अन्य कारणेही असू शकतात, परंतु स्वायत्त तंत्रिकाविकृतीचा विचार त्यात करावाच लागतो. समाजाच्या सरासरीपेक्षा व्यक्तीची स्वतःची जुनी नोंद येथे अधिक उपयोगी पडते.

नव्या औषधांपैकी जीएलपी-१ गटातील औषधे (लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड इत्यादी) विश्रामकालीन गती सरासरी २ ते ४ ठोक्यांनी वाढवतात. ती सुरू केल्यावर मनगटी घड्याळात दिसणारी अशी किरकोळ वाढ तंदुरुस्ती घटल्याचे चिन्ह नसते. मेटफॉर्मिनचा हृदयगतीवर असा उल्लेखनीय परिणाम होत नाही.

मंद गतीची अन्य कारणे

मधुमेही व्यक्तीत मंद नाडीचे श्रेय व्यायामाला देण्यापूर्वी औषधांची यादी पाहणे इष्ट असते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिली जाणारी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बायसोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर गटातील औषधे, तसेच डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, आयव्हाब्राडिन व क्लोनिडिन ही सर्व औषधे हृदयगती कमी करतात. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या आणि त्याच वेळी बीटा ब्लॉकर घेणाऱ्या गृहस्थांची नाडी ५४ भरली, तर त्यात चालण्याचा वाटा बहुधा लहानच असतो. बीटा ब्लॉकरचा आणखी एक परिणाम इन्सुलिन घेणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे: रक्तशर्करा खाली घसरल्याची सूचना देणारी छातीतील धडधड व हातांचा कंप ही लक्षणे ती झाकतात. घाम येणे हे लक्षण मात्र शिल्लक राहते.

थायरॉइडचा अल्पस्राव हे मंद नाडीचे दुसरे कारण होय. प्रकार १ मधुमेह हा स्वप्रतिरक्षा विकार असून अशा व्यक्तींत थायरॉइडचा स्वप्रतिरक्षा विकारही सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळतो. थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे आणि त्यासोबत मंदावलेली नाडी असे चित्र असल्यास साध्या रक्ततपासणीने उलगडा होतो.

मूत्रपिंडांचे कार्य बिघडले की रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. मधुमेहात हे अनेकदा अपेक्षेपेक्षा लवकर घडते. रक्तदाबासाठी व मूत्रपिंडांच्या संरक्षणासाठी दिली जाणारी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे पोटॅशियम आणखी वाढवतात. वाढलेले पोटॅशियम हृदयातील विद्युत्‌वहन मंद करते. त्यात बीटा ब्लॉकरची भर पडली, तर गती धोकादायक रीतीने घसरते, घटलेल्या रक्तपुरवठ्याने मूत्रपिंडे आणखी बिघडतात व हे चक्र स्वतःलाच वेग देत राहते. तंदुरुस्त लोक या संकटापासून दूर असतात असे मानू नये. उन्हात लांब पल्ल्याची दौड, घामाने आलेली निर्जलता, गुडघेदुखीसाठी घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणि जोडीला नेहमीची रक्तदाबाची औषधे, एवढे घटक एकत्र येणे धावपटूच्या बाबतीत सहज शक्य असते.

हृदयाच्या विद्युत्‌वहन यंत्रणेतील दोषही विचारात घ्यावे लागतात. वयोमानाने सायनस गाठीभोवती तंतुमय ऊती वाढतात व गाठ दुबळी होते. अलिंदाकडून निलयाकडे जाणारा विद्युत्‌संकेत अडणे, म्हणजेच हृदयरोध, मधुमेही व्यक्तींत तुलनेने अधिक आढळतो. हृदयाच्या खालच्या भिंतीला झालेल्या झटक्यातही नाडी मंदावते. मधुमेहात वेदनावाहक तंत्रिकाही बाधित असल्याने असा झटका छातीत न दुखता, केवळ अशक्तपणा, मळमळ, धाप किंवा घाम एवढ्यावर निभावून जाऊ शकतो. अचानक मंदावलेली नाडी म्हणूनच वर्षानुवर्षांच्या मंद नाडीहून वेगळी मानावी लागते.

केवळ सडपातळ दिसणे म्हणजे तंदुरुस्ती नव्हे, हे भारतीय मधुमेहाच्या संदर्भात विशेष खरे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र व मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. सडपातळ मधुमेही व्यक्तीची नाडी मंद लागली, की तिला सहज 'खेळाडूचे हृदय' ठरवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती आठवड्याला किती व कसा व्यायाम करते, हे विचारल्याशिवाय तसे म्हणता येत नाही.

रात्रीची हृदयगती आणि रक्तशर्करा

झोपेत व्हेगसचा प्रभाव सर्वाधिक असतो. प्रशिक्षित व्यक्तीची नाडी गाढ झोपेत ४० च्या खाली जाणे असामान्य नाही. मधुमेही व्यक्तीत याच वेळी रक्तशर्करा घसरण्याचा धोका असतो. संध्याकाळी केलेल्या दीर्घ व्यायामानंतर स्नायू रिकामी झालेली ग्लायकोजेनची साठवण भरून काढत राहतात आणि इन्सुलिनचा परिणाम २४ तास किंवा त्याहूनही अधिक काळ वाढलेला राहतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्यामुळे मध्यरात्रीनंतर घसरू शकते.

रक्तशर्करा घसरल्यावर ॲड्रेनलिन स्रवते व नाडी जलद होते, असा सर्वसाधारण समज आहे आणि जागेपणी तो बहुधा खरा ठरतो. शेफील्ड येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. इन्सुलिन घेणाऱ्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या प्रकार २ मधुमेहाच्या २५ व्यक्तींची रक्तशर्करा व ईसीजी सलग पाच दिवस नोंदवण्यात आले. रात्री साखर कमी असताना मंद हृदयगतीचे प्रसंग साखर सामान्य असतानाच्या तुलनेत अधिक आढळले. सुरुवातीच्या ॲड्रेनलिनच्या लाटेनंतर व्हेगसचा प्रतिटोला येत असावा, असे स्पष्टीकरण देण्यात आले. हे रुग्ण खेळाडू नव्हते, त्यामुळे निष्कर्ष जसेच्या तसे धावपटूंना लागू करता येत नाहीत. परंतु रात्री नाडी शांत होती म्हणजे साखरही ठीक होती, असे अनुमान काढण्यास या अभ्यासाने जागा ठेवलेली नाही.

ब्रिटनमधील टॅटरसॉल आणि गिल यांनी १९९१ साली प्रकार १ मधुमेह असलेल्या २२ व्यक्तींच्या अनपेक्षित मृत्यूंचे वर्णन केले. त्यांपैकी बहुतेक जण रात्री धडधाकट अवस्थेत झोपले व सकाळी न विसकटलेल्या अंथरुणात मृतावस्थेत आढळले. रात्रीची रक्तशर्करान्यूनता व त्यामुळे उद्भवणारी हृदयाची अतालता हे त्यामागील संभाव्य कारण मानले जाते. असे मृत्यू विरळ असतात. तरीही जोरदार व्यायामाच्या दिवशी झोपण्यापूर्वी साखर तपासणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनची मात्रा घटवणे किंवा रात्री थोडा कर्बोदकयुक्त आहार घेणे, आणि शक्य असल्यास सूचना देणारे सलग रक्तशर्करामापक यंत्र वापरणे यांना महत्त्व आहे. मनगटी घड्याळ नाडी दाखवते. साखर घसरल्याचे त्यावरून कळत नाही.

आणखी एक गुंतागुंत फिलिप क्रायर यांच्या संशोधनातून पुढे आली. रक्तशर्करा एकदा घसरली, की पुढच्या वेळी शरीराचा ॲड्रेनलिनचा प्रतिसाद मंदावतो. आदल्या दिवशीच्या व्यायामाचाही असाच परिणाम होतो, असे आढळले आहे. म्हणजे रोज सराव करणाऱ्या मधुमेही खेळाडूला धोक्याची घंटा इतरांपेक्षा हळू ऐकू येऊ शकते.

व्यायामाची तीव्रता ठरवताना

'२२० वजा वय' या सूत्राने कमाल हृदयगती काढून तिच्या टक्केवारीनुसार व्यायाम करण्याचा प्रघात आहे. मंद विश्रामकालीन गती असलेल्यांसाठी फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अधिक योग्य ठरते. तीत कमाल व विश्रामकालीन गतीतील फरक आधारभूत धरतात. उदाहरणार्थ, ५० वर्षांच्या व्यक्तीची अंदाजित कमाल गती १७० व विश्रामकालीन गती ५० असेल, तर फरक १२० येतो. त्याच्या निम्मे ६० अधिक ५०, म्हणजे ११० ही तिची मध्यम तीव्रतेची पातळी ठरते.

बीटा ब्लॉकर घेणाऱ्या अथवा स्वायत्त तंत्रिकाविकृती असलेल्या व्यक्तींत मात्र ही दोन्ही सूत्रे निरुपयोगी ठरतात, कारण त्यांची कमाल गतीच खाली आलेली असते. सूत्राने सांगितलेला आकडा गाठण्यासाठी ते क्षमतेपलीकडे श्रम करतात. अशा वेळी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० गुणांची श्रमजाणीव मोजपट्टी वापरतात. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम तीव्रतेची ढोबळ कसोटीही पुरेशी विश्वासार्ह आहे.

व्यायाम थांबल्यावर नाडी किती लवकर खाली येते, ही नोंदही बोलकी असते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या मिनिटात गती १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी घटणाऱ्यांमध्ये पुढील सहा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. ही घट मुख्यतः व्हेगस पुन्हा सक्रिय झाल्यामुळे होते; त्यामुळे मधुमेही धावपटूत ती विश्रामकालीन आकड्याइतकीच, किंबहुना अधिक माहिती देते.

मोजमाप

विश्रामकालीन नाडी सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, चहा-कॉफी घेण्याआधी मोजावी. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दोन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजणे ही पद्धत आजही सर्वांत खात्रीची आहे. मंद नाडीत १५ सेकंद मोजून चारने गुणल्यास एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. भारतीय वैद्यकात नाडीपरीक्षेचे वर्णन शार्ङ्गधरसंहितेत येते. तेथे नाडीची तुलना साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीशी केलेली आहे. त्या वर्णनाचा भर ठोक्यांच्या संख्येपेक्षा लयीवर अधिक आहे.

मनगटी घड्याळे प्रकाशाच्या परावर्तनावरून नाडी मोजतात. थंड हात, सैल पट्टा किंवा हालचाल यांमुळे त्यांत चूक होते. अधिक महत्त्वाची चूक अकाली ठोक्यांमुळे होते. एकाआड एक ठोका अकाली पडत असेल, तर तो दुबळा ठोका मनगटापर्यंत पोहोचत नाही आणि प्रत्यक्षातील ७६ ठोके घड्याळ किंवा बोटावरील ऑक्सिमीटर ३८ असे दाखवते. मंदगतीचे हे खोटे रूप ईसीजी काढल्यावरच उघड होते.

उल्लेखनीय खेळाडू

ब्रिटिश नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९७ साली मधुमेहाचे निदान झाले. त्यानंतर इन्सुलिन घेत त्यांनी सराव सुरू ठेवला व २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सलग पाचव्या ऑलिंपिक स्पर्धेतील सुवर्णपदक जिंकले. अमेरिकी जलतरणपटू गॅरी हॉल (कनिष्ठ) यांनी १९९९ मध्ये प्रकार १ मधुमेहाचे निदान झाल्यानंतर २००० व २००४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीचे सुवर्ण मिळवले. पाकिस्तानचे वेगवान गोलंदाज वसीम अक्रम हेही मधुमेह असताना अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले. 'टीम नोव्हो नॉर्डिस्क' या व्यावसायिक सायकल संघातील सर्व सायकलपटूंना प्रकार १ मधुमेह आहे.

तपासणी व उपचार

खेळाडूंच्या ईसीजीविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार लक्षणविरहित खेळाडूत ३० पर्यंतची सायनस मंदगती सामान्य मानली जाते. अलिंदाकडून निलयाकडील संकेतास थोडा विलंब होणे, किंवा तो विलंब वाढत जाऊन एखादा ठोका गळणे (वेंकेबाख प्रकार) हेही खेळाडूंत सामान्य समजतात. ३० पेक्षा कमी गती, तीन सेकंद किंवा अधिक काळाचा खंड, विलंब न वाढता अचानक ठोका गळणे आणि पूर्ण हृदयरोध यांचा मात्र पुढे तपास करावा लागतो. हे निकष किशोरवयीन व तरुण खेळाडूंसाठी आहेत. साठीतील, पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या धावपटूला ते सरसकट लावणे योग्य नाही. दीर्घकाळ तीव्र सराव केलेल्यांमध्येही कालांतराने अतालता वाढू शकते. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की-शर्यतीत भाग घेतलेल्या ५२,७५५ जणांच्या अभ्यासात, अधिक वेळा शर्यत पूर्ण करणाऱ्यांत अतालतांचे प्रमाण इतर सहभागींपेक्षा जास्त आढळले.

चक्कर, भोवळ, शुद्ध हरपणे, श्रमात नेहमीपेक्षा लवकर दम लागणे किंवा अकारण थकवा यांपैकी काही असल्यास मंद नाडीची तपासणी तातडीने करावी. मधुमेही व्यक्तीत भोवळीच्या वेळी रक्तशर्करा आणि नाडी दोन्ही तपासाव्या लागतात. साखर सामान्य निघाली, तर कारण हृदयाकडे शोधावे. ईसीजी, रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन, थायरॉइडची तपासणी, औषधांचा आढावा आणि आडवे झोपून व उभे राहून घेतलेला रक्तदाब एवढ्याने बरेचसे चित्र स्पष्ट होते. गरजेनुसार २४ तासांची होल्टर नोंद व ट्रेडमिल चाचणी करतात. ट्रेडमिलवर खेळाडूची गती श्रमाप्रमाणे व्यवस्थित वाढते. दुबळ्या झालेल्या सायनस गाठीत ती अपेक्षेइतकी वाढत नाही. मधुमेहात वेदनारहित रक्ताल्पता शक्य असल्याने ट्रेडमिल चाचणीचा दुहेरी उपयोग होतो.

लक्षणे नसलेल्या तंदुरुस्त व्यक्तीतील सायनस मंदगतीला उपचार लागत नाहीत. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सायनस गाठीच्या विकारात पेसमेकर बसवण्यासाठी हृदयगतीचा कोणताही किमान आकडा निश्चित केलेला नाही. लक्षणे आणि मंदगती यांचा एकाच वेळी आढळलेला संबंध हा त्याचा आधार असतो. पूर्ण हृदयरोध वा अचानक ठोका गळण्याचा प्रकार असेल व त्यामागे दूर करता येण्याजोगे कारण नसेल, तर लक्षणे नसतानाही पेसमेकरची शिफारस केली जाते.